आगीपुढचा आडोसा

आज ज्या वस्तूबद्दल लिहायला बसले आहे तिला मराठीत शब्दच नाही, त्यामुळे सुरुवातीलाच पंचाईत. इंग्रजीत तिला 'फायर-स्क्रीन' म्हणतात, फ्रेंचमध्ये 'एक्रां'. मराठीत 'अग्निपटल' म्हणता येईल, पण ते एखाद्या पौराणिक नाटकातल्या अस्त्राचं नाव वाटतं. 'शेकोटीचा पडदा' म्हणावं, तर शेकोटीला पडदा कशाला, असा अगदी रास्त प्रश्न तुम्ही विचाराल. एखाद्या वस्तूला आपल्या भाषेत शब्द नसतो तेव्हा बहुतेक वेळा आपल्याला त्या वस्तूची कधी गरजच पडलेली नसते. या वस्तूचं तसंच आहे. आणि तरीही ती आमच्या घरात सत्तरहून अधिक वर्षं आहे, रोज वापरात होती आणि आता तिच्यावरून घरात चर्चा (वाद म्हणत नाही!) चालू आहे.

आमच्या भावंडांना मी कशाबद्दल बोलते आहे ते कळलं असेलच. इतरांसाठी सांगते. आमचं मूळ घर अकलोलीचं. अकलोली म्हणजे भिवंडी तालुक्यात, वज्रेश्वरीजवळ, तानसा नदीच्या काठी, गरम पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. तिथल्या घरात देवघराच्या कोपऱ्यात एक पितळी पंखा उभा आहे. पंखा म्हणजे हवा घालायचा नव्हे. पितळेची लांबट पाती, खालच्या टोकाला एका खिळ्यात ओवलेली. बंद केली की एकावर एक बसतात आणि उघडली की मोराच्या पिसाऱ्यासारखी अर्धवर्तुळात पसरतात. पात्यांवर जाळीची नक्षी, खाली दोन वळणदार पाय. लहानपणी आम्ही त्याला मोर म्हणायचो आणि उघड-मीट करून करून आजीचा ओरडा खायचो. ही घडण फ्रेंच धाटणीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला असे पंख्यासारखे उघडणारे पितळी पडदे फ्रान्समध्ये फार लोकप्रिय होते, आणि तिकडून ते इंग्लंडातल्या दिवाणखान्यांतही गेले.

आता मूळ प्रश्न. शेकोटीला पडदा कशाला?

त्यासाठी आधी युरोपातली शेकोटी डोळ्यांसमोर आणायला हवी. ती अंगणात नसते, भिंतीत असते. भिंतीत एक कोनाडा, त्यात लाकडं किंवा कोळसा, वर धूर नेणारं धुराडं. ऐकायला झकास वाटतं, पण ऊब देण्याची ही पद्धत अत्यंत उधळी. आगीची बरीचशी उष्णता धुरासकट वर निघून जाते आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. त्या जागी दारं-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत येते. म्हणजे शेकोटी जितकी जोरात पेटवावी तितका पाठीला गारठा जास्त! व्हर्सायच्या राजवाड्यात काय कमी शेकोट्या होत्या? तरीही १६९५ च्या फेब्रुवारीत चौदाव्या लुईच्या जेवणाच्या टेबलावर पेल्यांतली वाइन आणि पाणी गोठलं होतं, असं त्याच्या भावजयीने पत्रात लिहून ठेवलं आहे. अठराव्या शतकात अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन आणि पुढे युरोपात काउंट रमफर्ड अशा मोठमोठ्या डोक्यांनी शेकोटीची रचना सुधारायला वेळ दिला, तो काही गंमत म्हणून नव्हे.

खोलीची हवा गरम होत नाही, मग ऊब मिळते कशी? तर आगीकडून सरळ रेषेत येणाऱ्या किरणांनी. उन्हात उभं राहिल्यावर आपण तापतो ना, तसंच. आगीकडे तोंड करून बसलं की गाल भाजतात आणि पाठ थंडच राहते. मागे सरकावं तर थंडी, पुढे सरकावं तर चटका. यावरचा उपाय म्हणजे आगीच्या आणि माणसाच्या मध्ये काहीतरी उभं करणं. किरणं सरळ रेषेत येतात, त्यामुळे साधं कापड ताणलेली चौकट ठेवली तरी चेहरा वाचतो, आणि पाय मात्र शेकत राहतात. जुन्या वस्तूंचे व्यापारी एक गोष्ट हमखास सांगतात, की त्या काळच्या बायका चेहऱ्याला मेणाचा लेप लावायच्या आणि तो वितळू नये म्हणून हे पडदे आले. गोष्ट सांगायला चटकदार आहे, पण तिची गरज नाही. भाजणाऱ्या गालांचं कारण पुरेसं आहे, आणि गाल बायकांना आणि पुरुषांना दोघांनाही असतात.

एकदा वस्तू गरजेची झाली आणि श्रीमंतांच्या बैठकीत मधोमध, सगळ्यांच्या नजरेसमोर उभी राहिली, की ती साधी राहणं शक्यच नाही. फ्रान्समध्ये गोब्लँ आणि बोव्हे इथले कारखाने सतराव्या शतकात राजाश्रयाने सुरू झाले. भिंतीवर लावायचे विणलेले चित्रपट ही त्यांची ख्याती, पण या पडद्यांच्या चौकटीत बसवायचे तुकडेही तिथे विणले जात. कोरीव, सोनेरी मुलाम्याची लाकडी चौकट, तिला दोन पाय आणि मधलं चित्र खोबणीतून वर-खाली सरकवायची सोय. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये असा एक पडदा आहे. राणी मारी आंत्वानेतच्या साँ-क्लू राजवाड्यातल्या खासगी खोलीसाठी १७८८ साली सेने नावाच्या कारागिराने केलेला. पुढच्याच वर्षी राज्यक्रांती झाली. १७९३-९४ मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यातलं सामान लिलावात निघालं, त्यात सतरा हजारांहून अधिक नग होते. राणीचा शिरच्छेद झाला. साँ-क्लूचा राजवाडा १८७० च्या युद्धात जळून गेला. आगीपासून वाचवणारा पडदा मात्र शाबूत राहिला, कारण तो त्या घरात उरला नव्हता.

उन्हाळ्यात या शेकोट्यांचं दुसरंच दुखणं. आग नसली की भिंतीत एक काळं, राखेने माखलेलं भोक दिसतं. ते झाकायला पुन्हा पडदा. कधी चित्र काढलेली फळी लावत. शारदँ या मोठ्या चित्रकाराचं पांढऱ्या टेबलक्लॉथचं एक चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे, तेही मुळात असंच शेकोटीचं तोंड झाकण्यासाठी केलं होतं असं मानलं जातं. आमचा पितळी पंखा या वंशातला. जळती लाकडं तडतडली की उडणाऱ्या ठिणग्या गालिच्यावर पडू नयेत म्हणून थोडा, आणि आग नसताना ते काळं भोक झाकावं म्हणून जास्त. म्हणजे कामापेक्षा शोभा अधिक. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ज्यांच्याकडे राजवाडे नव्हते पण दिवाणखाने होते, त्यांच्यासाठी घाऊक प्रमाणावर घडवलेली ही शोभा.

जाता जाता एक गंमत. तुम्ही हा लेख ज्यावर वाचत आहात त्या 'स्क्रीन'चं मूळही इथेच आहे. हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी आला तो आगीची धग किंवा वाऱ्याची झुळूक अडवणारी वस्तू या अर्थाने. सिनेमा, टीव्ही, कॉम्प्युटर हे सगळे नंतरचे. फ्रेंच माणूस आजही कॉम्प्युटरच्या पडद्याला 'एक्रां'च म्हणतो. म्हणजे शेकोटीसमोरून उठलेली माणसं पुन्हा एका चमकत्या चौकटीसमोर येऊन बसली. फरक इतकाच की पूर्वीची चौकट काहीतरी अडवायला होती आणि आताची दाखवायला आहे. असो.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे आग नव्हती का? भरपूर होती. पण ती बसून बघायची नव्हती. चूल ही काम करायची जागा. चुलीपुढे बसणारी बाई चटका लागतो म्हणून मध्ये पडदा कसा ठेवेल? तिला त्या आगीवर भाकरी भाजायची असते. धुराला वेगळं धुराडंही नसायचं. धूर माळ्यावरून, कौलांच्या फटींतून वाट काढत जायचा आणि जाता जाता वासे टिकवायचा, माळ्यावर टांगलेलं बी-बियाणं किडीपासून राखायचा. राहिली शेकोटी. पौष महिन्यात आमच्या अंगणातही पेटायची. पण तिच्याभोवती बसलेला माणूस तापला की मागे सरकतो, गार वाटलं की पुढे येतो. मागे सरकायला अख्खं अंगण मोकळं असतं.

हे लिहिताना माझ्या लक्षात आलं, की आगीचा पडदा लागतो तो आगीमुळे नव्हे, तर खुर्चीमुळे. जिथे प्रत्येकाची जागा ठरलेली आहे, मानाप्रमाणे खुर्च्या मांडल्या आहेत आणि उठून मागे सरकणं बरं दिसत नाही, तिथेच आगीला पडदा लागतो. आमच्या अंगणात बसायला गोणपाट होतं. गोणपाटाला मान-अपमान नसतो, ते हवं तिकडे ओढता येतं.

आणि त्यातून गाव अकलोली! इथे ऊब विकत घ्यावी लागत नाही, जमिनीतूनच येते. पावसाचं पाणी काळ्या दगडातल्या भेगांमधून खोल झिरपतं, पोटातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगांतून वर येतं. कोकणात पालघरपासून थेट राजापूरपर्यंत अशी उन्हाळी एका पट्ट्यात सापडतात. गणेशपुरी, अकलोली, सातिवली ही त्या पट्ट्याच्या उत्तर टोकाची. इथे ज्वालामुखी वगैरे काही नाही. वज्रेश्वरी देवीने मारलेल्या राक्षसांच्या रक्ताने हे पाणी तापलं असं आम्हाला लहानपणी सांगितलं जायचं आणि आमचा त्यावर पूर्ण विश्वास होता. सांगायचा मुद्दा, की थंडीत कुंडात उतरायचं आणि चैत्र-वैशाखात घामाने निथळायचं, अशा गावात फ्रेंच शेकोटीच्या पडद्याचं काय काम? आपल्याला उष्णता अडवायची ती सूर्याची. त्यासाठी आपल्याकडे वाळ्याचे पडदे होते, बांबूचे चिक होते, ओसरी होती, खाली उतरत आलेली कौलांची पडवी होती.

मग हा पडदा आपल्या मुलखात आला कसा? साहेबाबरोबर. साहेबाला मुंबईचा उन्हाळा सोसेना, म्हणून तो डोंगरावर गेला. गव्हर्नर सर जॉन माल्कमने १८२९ साली साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांकडून वाईजवळच्या खंडाळा गावाच्या बदल्यात महाबळेश्वरची जागा घेतली, तिथल्या पेठेला त्याचंच नाव मिळालं. १८५० साली ह्यू मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढला. हा मॅलेट म्हणजे आपल्याच ठाणे जिल्ह्याचा कलेक्टर. वर बंगले उभे राहिले, आणि बंगला म्हटलं की भिंतीत शेकोटी आणि छपरावर धुराडं आलंच. जुन्या बंगल्यांत ती आजही दिसतात. गंमत म्हणजे साहेबलोकांचे तिथे जायचे मुख्य दिवस एप्रिल-मेचे आणि पुन्हा ऑक्टोबरच्या सुमाराचे. पावसाच्या तोंडावर सगळे खाली उतरत. म्हणजे कडाक्याच्या थंडीसाठी बांधलेली शेकोटी वर्षातले बहुतेक दिवस गारच. पण तिच्याशिवाय खोलीला घरपण नाही, असं त्या लोकांना वाटत असणार. परदेशातल्या मराठी घरात हॉलमध्ये तुळशीची कुंडी असते ना, कडक थंडीत मान टाकणारी, तसंच काहीसं.

आपले संस्थानिकही मागे नव्हते. फ्रेंच धाटणीचं वेड त्यांच्याकडे वेगळ्या वाटेने आलं. इंदूरच्या होळकरांचा लालबाग पॅलेस पाहिलाय का? १८८६ ते १९२१ अशी पस्तीस वर्षं त्याचं काम चाललं, आणि आतली सजावट अगदी फ्रेंच राजवाड्यांच्या थाटाची आहे. त्याच घराण्यातल्या यशवंतराव होळकरांनी (दुसरे) १९३० च्या दशकात माणिकबाग बांधला तो मात्र अगदी आधुनिक. एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराने तो सजवला, रूलमानसारख्या पॅरिसच्या नामवंतांकडून फर्निचर आलं, आणि खोल्या थंड ठेवायला वातानुकूलनाची यंत्रणा बसली. शेकोटीसमोरच्या पडद्याचा जमाना तिथे संपला होता. आता यंत्रच ठरवणार, किती थंड आणि किती गरम. पुढे १९८० साली माणिकबागेतल्या वस्तूंचा माँटे कार्लोला लिलाव झाला आणि त्या जगभर पांगल्या. २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात त्यांतल्या कितीतरी वस्तू परत एकत्र आणून मोठं प्रदर्शन भरवलं गेलं. व्हर्साय काय किंवा इंदूर काय, घर मोडलं की वस्तू लिलावात जातात आणि नंतर त्यांना शोधत फिरावं लागतं.

आमचा पडदाही लिलावातूनच आला, फक्त फार छोट्या.

आजोबा मुंबईत फोर्टमध्ये एका लिलावाच्या पेढीवर कारकून होते. स्वातंत्र्याच्या आगेमागे साहेबलोक घरं आवरून जायला निघाले, तेव्हा त्यांच्या सामानाचे ढीग पेढीवर येत. सागवानी कपाटं, टेबलं, घड्याळं, चिनी मातीची भांडी यांना लगेच गिऱ्हाईक मिळे. हा पंखा मात्र दोन-तीनदा मांडूनही कुणी बोली लावेना. घेणार कोण? ज्याच्या घरी भिंतीत शेकोटी तोच. आणि तसे लोक बोटीत बसून निघाले होते. शेवटी आजोबांनी तो पितळेच्या मोडीच्या भावाने घेतला आणि एका शनिवारी गावी आणला. 'नक्षी बरी वाटली' एवढंच कारण त्यांनी आत्याला सांगितलं होतं. हे सगळं मला आत्याकडूनच कळलं.

आजीने ती वस्तू बघितली आणि दोन दिवसांत तिचं काम ठरवून टाकलं. आमच्या देवघराला पश्चिमेचं दार आहे. पावसाळ्यात तिकडून असा वारा येतो की समई टिकत नाही. कोनाड्यातला दिवा टिकतो, पण समई कोनाड्यात मावत नाही. तिने तो पंखा उघडून समई आणि दार यांच्यामध्ये उभा केला. पात्यांना जाळी असल्यामुळे वारा पुरता अडेना, म्हणून बाहेरच्या बाजूने धुवट धोतराचा दुहेरी तुकडा बांधला. झालं. समई विझायची थांबली. दिवाळीत पुढची बाजू चिंच लावून लख्ख व्हायची. दिव्याकडच्या बाजूला ती हात लावायची नाही. तिथे वर्षानुवर्षांची तेलकट काजळी धरली आहे.

आणि ती त्याला काय म्हणायची? 'आडोसा.' 'संध्याकाळ झाली, आडोसा उघड गं.' मी या वस्तूसाठी शब्द शोधत शब्दकोश चाळत बसले होते आणि शब्द घरातच होता. फक्त तो शब्द वापरताच सगळं उलटं झालं. फ्रान्समध्ये हा पडदा माणसाला आगीपासून वाचवायला जन्माला आला. अकलोलीत तो आगीला वाऱ्यापासून वाचवायला उभा राहिला. तिकडे भीती आग फार होण्याची, इकडे ती विझण्याची. पदराआड दिवा धरून अंगण ओलांडणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. आजीने त्या फ्रेंच पितळेला पदराचं काम लावलं.

परक्या वस्तूला असं आपलंसं करणं आमच्या भागात नवीन नाही. आमची वज्रेश्वरी चिमाजी अप्पांच्या नवसाची. १७३९ साली वसई पोर्तुगीजांकडून जिंकली, तेव्हा बोललेला नवस फेडायला हे देऊळ बांधलं गेलं. त्याच मोहिमेत तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि महाराष्ट्रातल्या देवळांत टांगल्या. भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. मोठ्या आवाजाच्या बाईला 'नारोशंकराची घंटा' म्हणणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की ती घंटा मुळात चर्चमधली? आता त्या घंटेचा इतिहास लिहायचा तर कुठून कुठपर्यंत लिहायचा? ती जिथे ओतली तिथपर्यंतच, की पुढची पावणेतीनशे वर्षं तिच्या आवाजाने नाशिककरांचे कान भरले तेही धरायचं?

मी हे सगळं का उगाळते आहे ते आता सांगते. घराच्या वाटण्या व्हायच्या आहेत. आजी-आजोबा गेले, आत्याही थकली. घरात कायम राहणारं कुणी नाही. कौलं बदलायला झाली आहेत, त्याचा खर्च आमच्यापैकी एकट्याला झेपणारा नाही. मध्यंतरी चुलतभावाने मुंबईच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला पडद्याचे फोटो दाखवले. त्याने दिलेली किंमत वाईट नाही, कौलांच्या खर्चातला बऱ्यापैकी हिस्सा निघेल. त्याची एकच अट होती. दिव्याकडची बाजू साफ करून द्यायची. 'मागून खराब झालाय, काजळी काढली की अजून भाव येईल,' असं त्याचं म्हणणं.

चुलतभावाचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही, हे आधी स्पष्ट करते. छप्पर गेलं तर देवघर राहणार नाही, आणि देवघर नसेल तर आडोसा कशाचा? तो म्हणतो, आजीने ही वस्तू कामाची म्हणून ठेवली, पूजेची म्हणून नव्हे. आता तिचं काम छप्पर वाचवायचं. यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. कायद्याचीही आडकाठी नाही. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू देशाबाहेर न्यायला खासगी माणसाला बंदी आहे आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. परवानाधारकाला देशातल्या देशात विकायला हरकत नाही. म्हणजे प्रश्न फक्त आमचा आहे.

पण ती काजळी पुसायला माझा विरोध आहे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने या पडद्याचा इतिहास फ्रेंच धाटणी, पितळ, साधारण वय इथे संपतो. त्यानंतर जे घडलं तो डाग. खरं तर फ्रान्समधल्या एखाद्या दिवाणखान्यात किंवा डोंगरावरच्या बंगल्यात या पडद्याने किती आगी पाहिल्या असतील? उन्हाळ्यात भोक झाकायला, हिवाळ्यात शोभेला. अकलोलीत मात्र तो रोज संध्याकाळी उघडला गेला, चाळीसहून जास्त पावसाळे दिव्यापुढे उभा राहिला. त्याच्या आयुष्यातलं खरं काम इथे झालं आणि त्या कामाचा एकमेव पुरावा म्हणजे ती काजळी. चिंचेने चोळली की पाच मिनिटांत निघेल. मग उरेल ती बाजारात मिळणाऱ्या इतर पितळी पंख्यांसारखीच एक वस्तू, जिच्यावर एकदा कुणीच बोली लावली नव्हती.

तेव्हा भावंडांनो, माझा प्रस्ताव असा. पहिली पसंती, की आपण सगळे मिळून कौलांची वर्गणी काढू आणि आडोसा जिथे आहे तिथे राहील. माझा वाटा मी द्यायला तयार आहे. ते नाहीच जमलं, तर जो कुणी स्वतःच्या घरी रोज दिवा लावतो त्याने तो न्यावा. फ्लॅटमध्ये वारा नसतो हे मला माहीत आहे, पण एसीचा झोत असतो ना! आणि तेही नाही झालं आणि विकायचीच वेळ आली, तर न पुसता विकू. भाव कमी आला तर येऊ दे. घेणाऱ्याच्या हातात हा लेख छापून देऊ, म्हणजे मागची बाजू काळी का आहे हे त्याला कळेल.

बाकी वाचकांनाही एक विनंती. तुमच्याही घरी अशी काहीतरी वस्तू असेल, जी मुळात एका कामासाठी केली गेली आणि तुमच्या आजीने तिला भलत्याच कामाला लावली. बिस्किटाच्या डब्यातला सुई-दोरा सगळ्यांकडेच असतो, तो सोडून सांगा. :) आणि जे कुणी ती वस्तू वापरताना पाहिलं आहे ते हयात असतील, तर आधी त्यांना विचारून लिहून ठेवा. मी आत्याला विचारलं ते दोन वर्षांपूर्वी. आज विचारलं असतं तर तिला आठवलं नसतं.

वाटणीची बैठक या मे महिन्यात आहे. काय ठरतंय ते कळवेनच.